डाव्या हाताला कळलं, तोंडाला कळलं नाही

या वेळी पत्रांचा गठ्ठा सोडला, तर चार पत्रं फिरून फिरून एकाच जागी येऊन थांबलेली. कुणी वडिलांचं विचारलंय, कुणी मुलीच्या क्लासचं, कुणी तबल्याचं. प्रश्न मुळात एकच: डोक्यातली डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकींना निरोप देतात तरी कशा? मी डॉक्टर नाही, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत गेली सव्वीस वर्षं लोकांना शर्टाचं बटण लावायला, भाकरी मोडायला, सही करायला परत शिकवते. तेव्हा उत्तरं त्या दोन खोल्यांतूनच येतील, हे आधीच सांगते.

प्रश्न: ताई, माझे वडील 71 वर्षांचे, निवृत्त तलाठी. फेब्रुवारीत अंगावरून बारीकसं वारं गेलं. हातपाय चालतात, बोलणं स्वच्छ आहे, माणसं ओळखतात. पण वाचता येत नाही. नवल म्हणजे लिहिता येतं! परवा तहसीलदारसाहेबांना द्यायचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला, काना-मात्रेची चूक नाही. चहा झाल्यावर तोच कागद पुढे धरला, तर म्हणाले, "हे कुणाचं अक्षर?" सातबाऱ्यावरचे गट नंबर वाचतात, खातेदाराचं नाव नाही. धाकटा भाऊ म्हणतो, वाटणीचे कागद समोर आले की अण्णांना वाचता येत नाही, हे सगळं नाटक आहे. खरंच नाटक आहे का?
एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर: नाही. धाकट्या भावाला हे पान वाचायला द्या. जमलं तर अण्णांना मोठ्याने वाचून दाखवा, त्यांनाही बरं वाटेल.

तुम्ही लिहिलंय तसाच एक माणूस पॅरिसमध्ये होऊन गेला. 1887 सालच्या ऑक्टोबरात त्याच्या लक्षात आलं, की दुकानांच्या पाट्या दिसतात, पण वाचता येत नाहीत. नजर गेली म्हणावं तर रस्त्यावरची बारीक वस्तूही दिसायची. डोकं गेलं म्हणावं तर व्यवहार चोख, पत्ते खेळायचा, सांगितलेलं लिहून द्यायचा. स्वतःच लिहिलेलं मात्र त्याला वाचता येईना. अंक वाचता यायचे! तुमचं पत्र वाचताना सातबाऱ्याच्या ओळीपाशी मी थांबले, ती त्याचमुळे. देजरिन नावाच्या मेंदूतज्ज्ञांनी त्याच्यावर लक्ष ठेवलं. 1892 च्या जानेवारीत त्याला दुसरा झटका आला, त्यात लिहिणंही गेलं आणि थोड्याच दिवसांत तो वारला. मेंदू तपासला तेव्हा पहिल्या झटक्याच्या जुन्या खुणा सापडल्या: डाव्या मेंदूचा मागचा भाग, आणि दोन्ही मेंदू जोडणाऱ्या पट्ट्याचं मागचं टोक.

आता यातून वाचता न येणं कसं निघालं, ते सावकाश बघू. आपल्या समोर जे दिसतं त्याची उजवी निम्मी बाजू डाव्या मेंदूकडे जाते, डावी निम्मी उजव्या मेंदूकडे. लोक इथे हमखास चुकतात. उजवा डोळा डाव्या मेंदूकडे आणि डावा उजव्याकडे, असं नाही. दोन्ही डोळ्यांतून येणाऱ्या चित्राचे मध्ये उभी रेघ मारून दोन तुकडे होतात आणि तुकडे दोन बाजूंना जातात. अक्षरांवरून शब्द ओळखायचं खातं बहुतेक माणसांत डाव्या मेंदूत असतं. म्हणजे डाव्या बाजूला दिसलेलं अक्षर आधी उजव्या मेंदूत पोचतं, तिथून जोडपट्ट्यावरून डावीकडे येतं, मग वाचलं जातं. या पट्ट्याला डॉक्टर कॉर्पस कॅलोसम म्हणतात. मी पेशंटना जोडपट्टाच सांगते.

सांगलीकरांना पूल म्हटलं की आयर्विन. तोच घ्या. समजा वाचायचं ऑफिस सांगलीत आहे आणि बघणारी माणसं दोन्ही काठांवर. सांगलीच्या काठावरची बघणारी माणसं पुरात गेली. पलीकडच्या काठावरची, सांगलीवाडीची माणसं धडधाकट आहेत, त्यांना सगळं दिसतंय, पण पुलाचं नेमकं तेच टोक वाहून गेलंय जिथून कागद यायचे. ऑफिस उघडं आहे, साहेब खुर्चीत आहेत, टेबलावर कागदच येत नाही. अण्णांचं हेच झालं असावं. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी डावीकडची जी रक्तवाहिनी आहे, तीच पट्ट्याच्या त्या टोकालाही रक्त देते. एक नळी तुंबली की दोन्ही जागा एकदम कोरड्या.

मग लिहिता कसं येतं? लिहायला पूल लागतच नाही. शब्द डाव्या मेंदूत, लिहिणारा उजवा हात डाव्या मेंदूच्या ताब्यात. सगळा कारभार एकाच काठावर. अर्ज लिहिताना अण्णांच्या मनात प्रत्येक शब्द होता. चहा पिऊन झाला, शब्द मनातून उतरले, आणि समोरचा कागद त्यांच्यासाठी कानडी पाटीसारखा झाला. आकार दिसतात, अर्थ लागत नाही. अंकांचं म्हणाल तर ते ओळखणं दोन्ही बाजूंना थोडंफार जमतं, म्हणून गट नंबर सुटले.

आता माझी एक चूक कबूल करते. बऱ्याच वर्षांपूर्वी हळदीच्या अडतीवरचे एक दिवाणजी माझ्याकडे आले होते. हीच तक्रार: हिशेबाची पट्टी लिहितात, वाचत नाहीत. मी तीन आठवडे त्यांना मोठमोठी अक्षरं लिहून दाखवत बसले. खडूने, मग रंगाने, मग पाटीएवढी. माणूस रोज येऊन घाम पुसत बसायचा आणि मी मनात म्हणायची, नजरेचाच घोळ दिसतोय. एके दिवशी त्यांच्या मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताकडे माझं लक्ष गेलं. पाटीवर 'क' होता. तर्जनी धोतरावर हळूच फिरली: मधली उभी रेघ, डावीकडे गोल, उजवीकडे बाक, वर आडवी. "क," दिवाणजी म्हणाले. मी पाटी बदलली. पुन्हा बोट. "म." त्यांनी स्वतःच वाट शोधली होती, मी मध्ये पाटी धरून उभी होते!

बोटाच्या हालचालीची जाणीव उजव्या हातातून थेट डाव्या मेंदूत जाते. पट्ट्याचा पुढचा भाग शाबूत असतो, त्यामुळे बघून बोट फिरवता येतं, आणि बोट फिरलं की ऑफिसात कागद दुसऱ्या दाराने पोचतो. सांगलीत आपण बायपासच्या पुलाने येतो ना, तसंच. देजरिनांच्या त्या पेशंटलाही अक्षर गिरवलं की ओळखता यायचं.

तर घरी करायचं ते असं. अण्णांना अक्षरावर बोट फिरवू द्या, आधी कागदावर, मग तळहातावर. एकेक अक्षर लावत शब्द होईल. वेळ लागेल, जोडाक्षरांना जास्तच. पहिलीच्या पोरासारखं वाचायला लागतंय म्हणून त्यांना राग येईल, तो येऊ द्या. काही जणांचं वाचन असं अक्षर अक्षर करत बरंच परत येतं. किती येईल ते मी पत्रावरून सांगणार नाही, मेंदूच्या डॉक्टरांना एमआरआय दाखवून विचारा.

दोन गोष्टी मात्र आजच करा. एक, मोटरसायकलची किल्ली काढून घ्या. अशा झटक्यात बहुतेकदा उजव्या बाजूचं निम्मं दृश्य गेलेलं असतं आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. उजवीकडून येणारा ट्रॅक्टर त्यांना दिसणार नाही. दुसरं, वाटणीचे कागद. कानातून गेलेलं अण्णांना पूर्ण कळतंय. तेव्हा कागद कुणीतरी तिऱ्हाइताने, पुन्हा सांगते, तिऱ्हाइताने मोठ्याने वाचून दाखवावेत, आणि मगच सही. आयुष्यभर दुसऱ्यांचे फेरफार वाचून दाखवलेल्या माणसाला न वाचता सही करायला लावू नका.

प्रश्न: आमच्या गावात 'दोन्ही मेंदू जागृत' करणारा क्लास आलाय. दोन रविवार, फी 18 हजार. म्हणतात, माणूस फक्त डावा मेंदू वापरतो, उजवा झोपलेला असतो. माझी मुलगी पाचवीत आहे, चित्रं छान काढते, गणित कच्चं. तिथले सर म्हणाले, ही उजव्या मेंदूची आहे, हिचा डावा जोडून द्यावा लागेल. जाऊबाईंचा मुलगा दोन रविवारांत डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला लागला, हे मी स्वतः पाहिलंय. पाठवू का?
एक आई, विट्याजवळून

उत्तर: 18 हजार जपून ठेवा. त्यात वर्षभर गणिताची शिकवणी लागेल आणि उरलेल्यात रंगपेटी येईल.

पट्टीचं आधी. पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या दोन्ही कडांना खाली फट राहते. मान किंचित वर केली की मांडीवरचं कार्ड दिसतं. गेल्या दिवाळीत आमच्याच एका नातेवाइकांच्या मुलाने सगळ्यांसमोर हा प्रयोग केला. चिवड्याच्या बशा हातात घेऊन सगळे थक्क. मी उठले आणि त्याच्या हनुवटीखाली, गळ्याला टेकवून, कॅलेंडरचा पुठ्ठा आडवा धरला. कार्डं पुठ्ठ्याच्या खाली गेली आणि मेंदू पुन्हा झोपी गेला! मला पोराचं वाईट वाटलं. त्यालाही वाटत होतं की आपण खरंच बघतोय, मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या की पोरांना तसं वाटतं. जाऊबाईंच्या मुलावर हा प्रयोग चारचौघांत करू नका, घरात एकट्याने करा.

आता 'जोडून द्यायचं'. तुमच्या मुलीचे दोन्ही मेंदू जन्मापासून जोडलेले आहेत. जोडपट्टा साधारण निम्म्या वितेएवढा लांब, आणि त्यात 20 कोटींच्या आसपास तंतू. उजवा मेंदू झोपलेला असता तर तिचा डावा हात लुळा पडला असता. तुम्ही तिला "अहाहा, काय दिवे लावलेत!" म्हणता तेव्हा शब्द मुख्यतः डावी बाजू उलगडते, पण त्यातला टोमणा कळायला उजवी लागते. उजव्या बाजूला झटका आलेले माझे काही पेशंट टोमण्याला "थँक्यू" म्हणतात. मुलगी टोमण्यावर रुसत असेल तर दोन्ही बाजू नीट चालू आहेत असं समजा.

हे डाव्या-उजव्या मेंदूचं खूळ आलं कुठून, ते मात्र सांगण्यासारखं आहे, कारण त्याच्या मुळाशी असलेलं काम अस्सल आहे. काही माणसांना फिट्स इतक्या येतात की औषध पुरं पडत नाही. फिट एका बाजूला सुरू होते आणि पट्ट्यावरून दुसरीकडे पसरते. म्हणून 1939 च्या सुमारास अमेरिकेत व्हॅन वॅगनन नावाच्या सर्जनने काही पेशंटचा पट्टाच कापला. 1962 मध्ये लॉस एंजेलिसला बोगन आणि व्होगेल यांनी एका माजी सैनिकावर तसंच ऑपरेशन केलं, आणि रॉजर स्पेरी व त्यांचा तरुण विद्यार्थी मायकेल गॅझॅनिगा यांनी त्या माणसाला तपासलं. पुढे अशा आणखी पेशंटना तपासलं. माणसं चालत होती, बोलत होती, हसत होती. शेजाऱ्याला फरक कळला नसता.

पण त्यांच्या डाव्या हातात, दिसणार नाही अशी एखादी वस्तू दिली की गंमत व्हायची. समजा किल्ली दिली. हातात काय आहे? माहीत नाही. मग त्याच डाव्या हाताला झाकलेल्या वस्तूंच्या ढिगात घातलं, तर तो चाचपडून बरोबर किल्ली उचलायचा. डाव्या हाताचं ज्ञान उजव्या मेंदूत, बोलणारं तोंड डाव्या मेंदूच्या हुकमात, मधला पूल तोडलेला. हाताला कळलं, तोंडाला कळलं नाही.

याहून मोठी गंमत पुढे आहे. अशाच एका पेशंटला पडद्यावर क्षणभर, नजर हलायच्या आत, दोन चित्रं दाखवली. डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय, उजव्याला बर्फात बुडालेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने बर्फ उपसायचं फावडं. विचारलं, फावडं का? बोलणाऱ्या डाव्या मेंदूला बर्फाचा पत्ताच नव्हता. "माहीत नाही" म्हणायला हवं होतं. तो पठ्ठ्या म्हणाला, कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतं! घुटमळला नाही, खोटं बोलतोय असंही त्याला वाटलं नाही. समोर दिसलं त्यावरून गोष्ट रचली आणि स्वतःच ती खरी मानली. हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या घरातले निम्मे वाद आठवले.

ऑपरेशननंतर सुरुवातीला काही जणांचे दोन हात भांडायचे. एकाने बटण लावायचं, दुसऱ्याने काढायचं. मी पट्टा कापलेला पेशंट पाहिलेला नाही, पण पट्ट्याच्या पुढच्या भागात झटका आलेल्या एक आजी माझ्याकडे होत्या. उजवा हात पदर खांद्यावर घ्यायचा, डावा खाली ओढायचा. आजी डाव्या हाताला चापट मारून म्हणायच्या, "मेल्या, गप बस की."

स्पेरींना 1981 मध्ये नोबेल मिळालं. त्यानंतर वर्तमानपत्रांतून, पुस्तकांतून आणि आता क्लासवाल्यांकडून त्याचा पार भुगा झाला: डावा म्हणजे गणित, उजवा म्हणजे कला, आणि प्रत्येक माणूस यातला एकेक. काही कामांत एक बाजू पुढे असते हे खरं, भाषेचं उदाहरण वर आलंच. पण अख्खा माणूसच एका बाजूचा असतो, याला आधार नाही. 2013 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 7 ते 29 वर्षं वयाच्या 1,011 जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. कुणाचा सगळा डावा जोरात आणि कुणाचा सगळा उजवा, असं काही सापडलं नाही.

मुलीचं गणित कुठे अडतंय ते बघा. माझा अनुभव म्हणाल तर पाचवीत गणित कच्चं म्हणजे बहुतेक वेळा तिसरीतला भागाकार कच्चा.

पैसे न घालवता मुलीला पूल दाखवायचा असेल तर हा खेळ करा. पिशवीत हळकुंड, बेदाणा, किल्ली, पाचाचं नाणं टाका. डोळे मिटून डाव्या हाताने चाचपून नाव सांगायचं. जे नाव तोंडातून येईल ते पट्टा ओलांडून आलेलं असेल. मग दुसरा खेळ: दोन्ही तळहात वर, डोळे मिटलेले. तुम्ही तिच्या डाव्या हाताच्या एखाद्या बोटाच्या पेराला पेन टेकवा. तिने उजव्या हाताच्या अंगठ्याने उजव्या हाताचं तेच बोट, तेच पेर दाखवायचं. आम्ही हे पेशंटना करायला लावतो. मोठ्यांना सहज जमतं, लहान पोरं चुकतात, कारण जोडपट्ट्यातल्या तंतूंवरचं वेष्टण चढायला बरीच वर्षं लागतात, विशीपर्यंत ते काम चालू असतं. तुमचा पाच वर्षांचा मुलगा असेल तर त्याच्यावर करून बघा आणि तो चुकला म्हणून त्याला क्लासला घालू नका.

प्रश्न: वय 46. मिरजेत राहतो, आजूबाजूला सगळी तंतुवाद्यांची दुकानं, लहानपणापासून कानावर सूर. आता तबला शिकतोय. उजवा हात एकटा ठीक, डावा एकटा ठीक. एकत्र आले की डग्ग्यावरचा हात तबल्याच्या मागे धावतो. तिरकिट आलं की चिखल. बायको म्हणते, तुमचे हात एकमेकांशी बोलत नाहीत. खरंय का?
एक विद्यार्थी, मिरज

उत्तर: उलट आहे. हात नको इतके बोलतात.

एका हाताने गोल आणि त्याच वेळी दुसऱ्याने चौकोन काढून बघा. गोलाला कोपरे येतील, चौकोन वाटोळा होईल. एका बाजूचा आराखडा पट्ट्यावरून दुसरीकडे गळतो. पट्टा कापलेल्या पेशंटना दोन हातांनी दोन वेगळ्या आकृत्या एकदम काढायला लावल्या, तेव्हा त्यांचे आकार एकमेकांत मिसळले नाहीत. आपल्यापेक्षा सरस! म्हणून हेवा वाटून घेऊ नका. दोन हातांनी मिळून करायचं नवीन काम शिकणं त्यांना फार जड गेलं. नाडी बांधण्यासारखी ऑपरेशनच्या आधीपासून अंगवळणी पडलेली कामं मात्र राहिली. म्हणजे तबला शिकताना तुम्हाला जोडपट्टा हवाच आहे, आणि तोच तुमच्या तिरकिटाचा चिखल करतोय.

पट्ट्यावरून जाणारे निरोप नुसते 'हे कर' असे नसतात, 'तू थांब, हे माझं आहे' असेही असतात. लहान मूल उजव्या हाताने लिहितं तेव्हा डाव्या हाताची बोटंही हलतात, बघा कधीतरी बालवाडीत जाऊन. दहाएक वर्षांचं होईपर्यंत ते बहुतेक थांबतं. तुम्ही डाव्या हाताला हेच थांबणं नव्याने शिकवताय. तिरकिट मध्ये ति आणि र उजव्याचे, कि डाव्याचा, ट पुन्हा उजव्याचा. डाव्याला एकाच मात्रेत तीन वेळा गप्प बसून एकदा बोलायचं आहे. 'धा' सोपा वाटतो, कारण तिथे दोघे एकदम पडतात.

एका बाजूचं दुसरीकडे जायला किती वेळ लागतो, हे मोजायचा प्रयत्न 1912 मध्येच पोफेनबर्गर यांनी केला होता. एका बाजूला दिवा लावायचा, आणि कधी त्याच बाजूच्या तर कधी दुसऱ्या बाजूच्या हाताने कळ दाबायची. फरक सेकंदाच्या तीन-चार हजारांशांचा येतो. तेव्हा वेग कमी पडतोय ही सबब गुरुजींना सांगू नका.

वयाचं म्हणाल तर 1995 मध्ये जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात, सात वर्षांच्या आधी वाद्य शिकायला लागलेल्या वादकांच्या जोडपट्ट्याचा पुढचा भाग मोठा आढळला. ती गाडी तुमची चुकली, माझीही चुकली. पण मी साठीतल्या माणसांना दुसऱ्या हाताने भाकरी थापायला शिकवलंय, 46 म्हणजे काहीच नाही. बोल तोंडाने म्हणत, लाज वाटेल इतक्या सावकाश वाजवा. तोंड म्हणत असलं की डाव्याला आपली पाळी आधीच कळते. आणि बायकोला हे पत्र दाखवू नका.

प्रश्न: नात चार वर्षांची, डावखुरी. पंगतीत डाव्या हाताने जेवते, लोक नावं ठेवतात. आत्तापासून उजव्याची सवय लावली तर मेंदू बदलेल का?
एक आजी, पलूस

उत्तर: आजी, बदलायचं कशाला? डावखुऱ्यांतही दहातल्या सात जणांचं बोलणं डाव्या मेंदूतूनच चालतं, त्यामुळे डावा हात म्हणजे उलटं डोकं, असं काही नसतं. मी स्वतः डावखुरी. पहिलीत बाईंनी डाव्या हाताची बोटं रिबिनीने बांधली आणि उजव्याने लिहायला लावलं. आज मी उजव्याने लिहिते, डाव्याने विळीवर भाजी चिरते, आणि कुणी पटकन "उजवीकडे वळा" म्हटलं की अजूनही आधी अंगठ्यावरचा रिबिनीचा वळ आठवावा लागतो. पंगतीत तिला डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजारच्याच्या कोपराला कोपर लागणार नाही. वाढणाऱ्यांना सांगा, मीठ आणि लिंबू तिच्या पानात उजवीकडे वाढा.